आधी डॉक्टरीणबाई, मग इस्पितळ : डॉ. एडिथ पीची-फिप्सन

बोरीबंदरहून महापालिकेच्या बाजूने धोबीतलावाकडे जाऊ लागले की आझाद मैदानासमोर कामा इस्पितळ लागते. मुंबईतल्या जुन्या कुटुंबांपैकी असे घर क्वचितच सापडेल की ज्यातली एखादी तरी आजी, आत्या किंवा मावशी तिथे बाळंत झाली नाही. कामात नाव घातले आहे असे कळले की घरातल्या मोठ्या बायकांचा जीव भांड्यात पडत असे. पण हे इस्पितळ ज्यांनी पहिल्या दिवसापासून चालविले, त्या बाईंचे नाव विचारले तर आपल्यापैकी फार थोड्याजणींना सांगता येईल. एके काळी मुंबईत त्या नावाला केवढा मान होता, आणि त्याहीआधी विलायतेत त्या नावावरून केवढे वादळ उठले होते! डॉ. एडिथ पीची ह्या त्या बाई. स्मरणिकेसाठी कोणावर लिहावे असा विचार करताना मला त्यांची आठवण झाली, ती एका विशेष कारणाने. ते कारण ओघात येईलच.

एडिथचा जन्म 7 ऑक्टोबर 1845 रोजी इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात लँगहॅम ह्या खेड्यात झाला. वडील विल्यम पीची हे बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. घरची सुबत्ता नव्हती, पण विद्या होती. वडिलांनी एडिंबरोच्या विद्यापीठात शिक्षण घेतलेले. आई सारा ही वकिलाची मुलगी, आणि त्या पिढीतल्या बायकांमध्ये नवल वाटावे अशी गोष्ट म्हणजे तिने ग्रीक भाषेचा अभ्यास केला होता. मुलीला पहिले धडे आईबापांनीच दिले. मोठी झाल्यावर सुशिक्षित गरीब मुलीला तेव्हा जो एकच मार्ग मोकळा होता, तो तिने धरला. कोणाच्या घरी मुलांना शिकविणे, कुठे शाळेत शिक्षिकेचे काम करणे. 1867 पर्यंत तिचा असाच काळ गेला.

1869 मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक ह्या धडाडीच्या बाईंनी एडिंबरो विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज केला. एकट्या बाईसाठी वेगळी व्यवस्था करता येत नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रांतून आवाहन केले की ज्यांना डॉक्टर व्हायचे असेल अशा स्त्रियांनी आपल्याला येऊन मिळावे. एडिथने पत्र धाडले. ते मोठे प्रांजळ होते. बुद्धी बेताची आणि चिकाटी बऱ्यापैकी, एवढ्यावर निभेल काय, अशी तिची पृच्छा होती. विषयाची गोडी आहे, ज्ञान मात्र फारसे नाही, हेही तिने लपविले नव्हते. एकूण सातजणी जमल्या. एडिंबरोच्या सातजणी म्हणून त्या पुढे प्रसिद्धीस आल्या.

आता ह्या बेताच्या बुद्धीचे काय झाले पाहा. 1870 च्या वसंतात रसायनशास्त्राची परीक्षा झाली. प्रथमच परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यांत एडिथ पहिली आली. नियमाप्रमाणे होप शिष्यवृत्ती तिची होती. परंतु प्राध्यापक महाशयांना धास्ती पडली की ती बाईला दिली तर मुलगे खवळतील. बायकांचा वर्ग वेगळ्या वेळी भरत होता, सबब त्या त्या वर्गाच्या विद्यार्थिनीच नव्हेत, अशी पळवाट काढून शिष्यवृत्ती तिच्याखालच्या मुलांना देण्यात आली. ह्यातली खरी गंमत पुढेच आहे. प्रोफेसर होप ह्यांनी कित्येक वर्षांपूर्वी ही शिष्यवृत्ती ठेवली, ती बायकांसाठी दिलेल्या रसायनशास्त्रावरील व्याख्यानांच्या मिळकतीतून! बायकांच्या पैशाने ठेवलेली शिष्यवृत्ती बाई म्हणून बाईला नाकारली गेली. हा अन्याय वर्तमानपत्रांत गाजला, आणि एडिथ पीची हे नाव घरोघर पोचले.

त्याच वर्षी 18 नोव्हेंबरला त्या शरीरशास्त्राच्या परीक्षेसाठी सर्जन्स हॉलकडे निघाल्या, तेव्हा दाराशी शेकडोंचा जमाव आडवा उभा होता. शिव्या, आरडाओरड, चिखलाचे गोळे. दार तोंडावर आपटण्यात आले. एका भल्या माणसाने ते उघडून त्यांना आत घेतले. परीक्षा चालू असताना कोणी टवाळाने एक मेंढरू आत ढकलून दिले. चिखलाने माखलेल्या कपड्यांनी त्या सातजणींनी उत्तरपत्रिका लिहिल्या. ही हकीकत वाचताना आपल्याकडच्या सावित्रीबाईंची आठवण होणार नाही अशी बाई विरळा. पुढे काही सज्जन विद्यार्थी त्यांना रोज सोबत करू लागले, हेही सांगितले पाहिजे. सगळेच पुरुष दगड उचलतात असे नाही.

चार वर्षे अभ्यास करूनही विद्यापीठाने पदवी द्यायचे नाकारले. प्रकरण कोर्टात गेले, आणि 1873 मध्ये निकाल विरुद्ध लागला. त्यांना मुळात प्रवेशच द्यायला नको होता, असे न्यायाधीशांचे मत पडले. मग एडिथबाईंनी स्वित्झर्लंडची वाट धरली. बर्न विद्यापीठाची एम्. डी. त्यांनी 1877 मध्ये मिळविली. त्याच्या आदल्या वर्षी पार्लमेंटने कायदा करून परीक्षामंडळांना स्त्रियांना सनद देण्याची मुभा दिली होती. डब्लिनच्या मंडळाने दार उघडले, आणि 1877 मध्येच त्यांना तिथली सनद मिळाली. लंडनमध्ये स्त्रियांसाठी निघालेल्या वैद्यकीय शाळेत त्या वर्षी सत्राच्या आरंभीचे भाषण करण्याचा मान त्यांचा होता. नंतर सहा वर्षे त्यांनी लीड्स येथे दवाखाना चालविला. दवाखाना चांगला चालला होता. वय अडतिशीकडे झुकले होते. कोणाला वाटले असते, पुष्कळ झगडा झाला, आता स्वस्थ बसावे.

इकडे मुंबईत काय परिस्थिती होती? इस्पितळे होती, सर जमशेटजी जीजीभाईंचे मोठे इस्पितळ कित्येक वर्षे चालू होते, आणि त्याच्याशेजारी ग्रँट मेडिकल कॉलेजही होते. पण तिथले डॉक्टर सगळे पुरुष. आपल्या पणज्या तिथे कशा जाणार? हिंदू असो की मुसलमान, परक्या पुरुषाला नाडी दाखवायचीसुद्धा चोरी. नवऱ्याने बाहेर जाऊन दुखणे सांगायचे आणि बाटली भरून औषध आणायचे. बाळंतपण अडले तर सुईण जे करील ते खरे. किती लेकी आणि सुना ह्या भिडेपायी गेल्या, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. म्हणजे इमारत होती, औषध होते, विद्याही होती. मात्र ज्या रोगिणीसाठी ते सारे हवे तिला आत पाऊलच टाकता येत नव्हते. बांधणाऱ्यांनी तिचा विचार केला नव्हता.

हा विचार केला दोन गृहस्थांनी, आणि दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता. एक जॉर्ज किट्रिज नावाचे अमेरिकन व्यापारी. मुंबईत 1874 मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, तिच्याशी त्यांच्या पेढीचे नाव जोडलेले आहे. दुसरे सोराबजी शापुरजी बेंगाली, गिरण्यांत राबणाऱ्या बायकामुलांचे तास कमी व्हावेत म्हणून खटपट करणारे पारशी सुधारक. 1882 मध्ये फ्रान्सेस हॉगन ह्या विलायतेतल्या डॉक्टरीणबाईंनी हिंदुस्थानासाठी स्त्री-डॉक्टर हव्यात असा लेख प्रसिद्ध केला होता. तो किट्रिज ह्यांच्या वाचनात आला आणि त्यांनी मनावर घेतले. दोघांनी मिळून निधी उभारला. त्यांच्या योजनेचे तीन भाग होते. विलायतेहून शिकलेल्या डॉक्टरीणबाई आणायच्या. बायकामुलांसाठी स्वतंत्र इस्पितळ आणि दवाखाना काढायचा. आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार आपल्या मुलींना उघडून घ्यायचे, म्हणजे कायम बाहेरून डॉक्टर आणण्याची पाळी येऊ नये. ते दार 1883 मध्ये उघडलेही. मिशनच्या डॉक्टरीणबाई उत्तरेकडे काही ठिकाणी काम करीत होत्या, परंतु ह्या योजनेत धर्मप्रसाराला जागा नव्हती. लेडी डफरिन ह्यांचा प्रसिद्ध निधी निघाला 1885 मध्ये. म्हणजे मुंबईने त्याआधीच पाऊल उचलले होते.

ह्या तिन्ही भागांचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि हा लेख लिहिण्याचे कारण तेच. आपल्याकडे काय होते? देणगीदार भेटतो, जागा मिळते, नकाशा होतो, इमारत उठते, फीत कापली जाते, फोटो निघतो. आणि मग डॉक्टर शोधायला निघतात. काही वर्षांपूर्वी एका नव्याकोऱ्या प्रसूतिगृहात एका भाचीच्या सोबतीला राहण्याचा योग मला आला. संगमरवरी फरशी, दर्शनी भागी देणगीदारांच्या नावांची पाटी. पण बाळंतिणीची खोली दुसऱ्या मजल्यावर आणि ऑपरेशनची पहिल्यावर, आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवा जात नव्हता. मध्यरात्री भाचीला चौघांनी उचलून जिन्याने खाली नेले. तिथल्या थोरल्या नर्सबाईंना मी विचारले, हे असे कसे बांधले? त्या हसल्या आणि म्हणाल्या की बांधताना डॉक्टरांना कोणी विचारले नाही, मग आम्हाला कोण विचारतो. भाची आणि तिचा मुलगा दोघेही सुखरूप आहेत, पण तो जिना माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

असो. किट्रिज आणि बेंगाली ह्यांनी निधी हाती येताच पहिली गोष्ट केली ती डॉक्टरीण शोधण्याची. पेस्तनजी होरमसजी कामा ह्यांनी इस्पितळाच्या इमारतीसाठी लाखाची देणगी कबूल केली होती. जागा आणि पुढचा कारभार सरकारने सांभाळायचा होता. सरकारदरबारी एका मुद्द्यावर मात्र बरीच घासाघीस झाली. ह्या इस्पितळाचा कारभार संपूर्णपणे स्त्री-डॉक्टरांच्या हाती असावा, त्यांच्यावर पुरुष अधिकारी नसावा आणि त्यांचा दर्जा पुरुष डॉक्टरांच्या बरोबरीचा असावा, असा निधीच्या मंडळींचा आग्रह होता. वरवर पाहता हा मानापानाचा प्रश्न वाटेल. तसा तो नव्हता. वरचा अधिकारी पुरुष असता तर तो वॉर्डातून फिरणार, अवघड बाळंतपणाला येणार, आणि पहिल्याच आठवड्यात ही बातमी गल्लोगल्ली पसरून अर्ध्या रोगिणी घरी परत गेल्या असत्या. तेव्हा अधिकार बाईचाच हवा, आणि हे इस्पितळ उघडण्याच्या आधी ठरायला हवे. अखेर ते मान्य झाले.

विलायतेत एलिझाबेथ गॅरेट अँडरसन ह्या तिथल्या पहिल्या डॉक्टरीणबाईंपैकी एक. त्यांच्या ओळखीतून किट्रिज आणि एडिथबाईंची गाठ पडली. लीड्सचा जम बसलेला दवाखाना सोडून, न पाहिलेल्या देशात, न बांधलेल्या इस्पितळाची प्रमुख होण्याचे त्यांनी पत्करले. 12 डिसेंबर 1883 रोजी त्या मुंबईच्या धक्क्यावर उतरल्या. योगायोग असा की त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टरी शिकण्यासाठी अमेरिकेला निघाल्या होत्या. एक बाई शिकायला पश्चिमेकडे गेली, दुसरी शिकलेली विद्या घेऊन इकडे आली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. इस्पितळाचा पायाचा दगड ड्यूक ऑफ कॅनॉट ह्यांच्या हस्ते 22 नोव्हेंबर 1883 रोजी बसला होता, म्हणजे पीचीबाई येण्यापूर्वी तीन आठवडे. मोठ्या पाहुण्यांची सवड डॉक्टरसाठी थांबत नाही, तेव्हाही नव्हती. भिंती कुठे उठणार हे पुष्कळसे ठरून गेले असणार. त्यामुळे ती इमारत बाईंनी आखली असे मी म्हणणार नाही. पण इस्पितळ म्हणजे इमारत नव्हे. त्यात कोण येईल, कशी येईल, तिला कोण हात लावील, तिच्या उशाशी रात्री कोण बसेल, हे ज्याच्यावर ठरते ते काम अजून व्हायचे होते, आणि ते करायला दारे उघडण्याच्या आधी पुरी अडीच वर्षे त्यांना मिळाली.

ही अडीच वर्षे त्या बांधकाम पुरे होण्याची वाट पाहत बसल्या नाहीत. जाफर सुलेमान ह्या दानशूर गृहस्थांच्या देणगीतून बायकामुलांसाठी दवाखाना निघाला होता, तो त्यांनी हाती घेतला. बाई-डॉक्टर आली आहे, पुरुष कोणी नाही, ही खबर बायकाबायकांतच पसरली आणि दाराशी रीघ लागली. हिंदुस्थानी त्या भराभर शिकल्या. दुभाषी मध्ये असला की पोटातले दुखणे ओठावर येत नाही, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. विचार करा, ह्या दवाखान्याने त्यांना काय काय शिकविले असेल! कोणती बाई एकटी येते आणि कोणती सासूशिवाय तोंड उघडत नाही. कोणाच्या हातचे पाणी कोणाला चालते. कडेवरच्या मुलाला घरी ठेवून येणे कितीजणींना शक्य आहे. काही आजार नसून नुसती उपासमार किती आहे. कोवळ्या वयात लादलेल्या मातृत्वाने शरीराची काय दैना होते. कागदावर आखलेल्या कुठल्याही योजनेत ह्या गोष्टी सापडत नाहीत. त्या रोगिणीसमोर बसूनच कळतात.

आणि आणखी एक गोष्ट त्यांनी इस्पितळ उघडायची वाट न पाहता मनाशी धरली असली पाहिजे. ती म्हणजे नर्सेस. डॉक्टर एक, फार तर दोन; पण रात्रंदिवस रोगिणीजवळ असणार त्या परिचारिका. त्या कुठून आणायच्या? त्या काळी चांगल्या घरच्या बायका हे काम करायला धजत नव्हत्या, आणि ज्या करीत त्यांना शिक्षण नव्हते. पीचीबाईंनी मुंबईत येऊन दोनएक वर्षे झाल्यावर इथल्याच स्त्रियांना शिकवून तयार करण्याचा वर्ग कामा इस्पितळाच्या कामाचा भाग म्हणून सुरू केला, आणि तो यशस्वी झाला. आज आपल्या घराघरांतून एखादी तरी मुलगी नर्स असते, आणि तिच्याकडे शेजारपाजार मानाने पाहतो. तो मान एका दिवसात आला नाही.

1886 मध्ये कामा इस्पितळ उघडले. मंचरजी मर्झबान ह्या नामांकित पारशी इंजिनियरांच्या देखरेखीखाली ती वास्तू उभी राहिली होती. पुढे आल्ब्लेस ह्यांच्या देणगीने प्रसूतीची इमारत तिला जोडली गेली, आणि कामा व आल्ब्लेस असे जोडनाव रूढ झाले. दार उघडले त्या दिवशी आत कोण असेल ह्याची भीती बायकांना नव्हती. डॉक्टरीणबाई त्यांच्या ओळखीच्या होत्या. दवाखान्यात दोन-अडीच वर्षे त्यांनीच मुले तपासली होती. डॉ. शार्लट एलाबी ह्या दुसऱ्या डॉक्टरीणबाईही निधीने विलायतेहून आणल्या होत्या. नवे इस्पितळ आणि रिकाम्या खाटा, हा प्रकार इथे होणे नव्हते.

इस्पितळाबाहेरही पीचीबाई स्वस्थ बसल्या नाहीत. स्त्री-डॉक्टरांना पुरुषांइतकाच पगार मिळावा म्हणून त्यांनी आवाज उठविला. मुलींच्या शिक्षणावर व्याख्याने दिली. 1888 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर त्यांची नेमणूक झाली. त्या सभेत बसलेली ही पहिली स्त्री. ज्या बाईला एका विद्यापीठाने मेंढरासोबत परीक्षा द्यायला लावली, तिला दुसऱ्या विद्यापीठाने मानाची खुर्ची दिली, आणि ते विद्यापीठ आपल्या मुंबईचे होते, हे वाचून मला तरी बरे वाटले.

रखमाबाईंची हकीकत आपल्या भगिनींना थोडीफार ठाऊक असेलच. डॉक्टर सखाराम अर्जुन ह्यांची ही सावत्र मुलगी. अकरा वर्षांची असताना लग्न झालेले, आणि वयात आल्यावर न पटलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाण्याचे तिने साफ नाकारले. नवऱ्याने 1884 मध्ये दावा लावला. पहिला निकाल तिच्या बाजूने लागला. पण 1887 मध्ये कोर्टाने फर्माविले की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग पत्करला. सारा देश ह्या खटल्याने दुभंगला. चांगली चांगली माणसे विरुद्ध बाजूला उभी राहिली. 1888 मध्ये तडजोड होऊन खटला मिटला. ह्या सगळ्या काळात पीचीबाई रखमाबाईंच्या पाठीशी होत्या, आणि तिने लंडनला जाऊन डॉक्टर व्हावे ह्यासाठी त्यांनी पुढाकार घेतला. 1889 मध्ये रखमाबाई विलायतेला गेल्या, 1894 मध्ये डॉक्टर झाल्या, परत येऊन काही काळ कामा इस्पितळात राहिल्या आणि मग सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळाच्या प्रमुख झाल्या. किट्रिज-बेंगालींच्या योजनेतला तिसरा भाग, आपल्याच मुली डॉक्टर व्हाव्यात हा, अशा वाटेनेही फळाला आला.

1890 मध्ये मुंबईतल्या हिंदू मंडळींपुढे पीचीबाईंनी बालविवाहावर भाषण केले. परक्या देशातून आलेल्या बाईने आमच्या घरातल्या गोष्टीत लक्ष का घालावे, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते, आणि त्यांचे सगळेच चुकत होते असे मला वाटत नाही. राज्यकर्त्यांच्या जातीने उपदेश केला की तो कडूच लागतो. पण ह्या बाई जे बोलत होत्या ते त्यांनी इस्पितळाच्या खाटेवर पाहिले होते, हा फरक मोठा आहे. पुढल्याच वर्षी संमतिवयाचा कायदा झाला. त्यावरचे रण वेगळेच आहे, त्यात मी शिरत नाही.

1889 मध्ये त्यांचे लग्न झाले. हर्बर्ट मस्ग्रेव्ह फिप्सन हे मद्याचे व्यापारी, पण जीव सगळा पशुपक्ष्यांत. 1883 मध्ये जी निसर्गाभ्यासकांची मंडळी जमून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, त्यांपैकी ते एक. त्याच मंडळींत रखमाबाईंचे वडील सखाराम अर्जुनही होते. सोसायटीला सुरुवातीच्या काळात जागा दिली ती फिप्सनसाहेबांनी आपल्याच पेढीत. त्या कचेरीत एक भलामोठा धनेश पक्षी कित्येक वर्षे पाळलेला होता. त्या काळी बाईने लग्न केले की नोकरी संपली असा रिवाज. पीचीबाईंनी मात्र काम सोडले नाही, आणि माहेरचे नावही सोडले नाही. दोन्ही आडनावे जोडून त्या पीची-फिप्सन झाल्या. नवऱ्याची त्याला हरकत नव्हती, यातच त्या गृहस्थांची पारख होते.

मधुमेहाने त्यांना गाठले होते. तेव्हा त्यावर औषध असे काही नव्हते. इन्शुलिन यायला अजून तीस वर्षे होती. 1894 मध्ये प्रकृती साथ देईना म्हणून त्यांनी कामा इस्पितळ सोडले. पण 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसे पटापट मरू लागली, अर्धे शहर गाव गाठू लागले, आणि सरकारची माणसे घरांत शिरून झडत्या घेऊ लागली. त्या साथीत बाई घरी बसल्या नाहीत. साथ ज्या रीतीने हाताळली जात होती तिच्यावर त्यांनी उघड टीका केली, आणि नंतर पटकीची साथ आली तेव्हा त्या टीकेचा उपयोग झाला.

1905 मध्ये पतिपत्नी इंग्लंडला परतली. वाटले असेल, आता तरी विसावा. पण तिकडे मताच्या हक्काची चळवळ रंगात आलेली. 1906 मध्ये कोपनहेगनला भरलेल्या स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला त्या लीड्सच्या भगिनींच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या. 1907 च्या फेब्रुवारीत लंडनच्या रस्त्यांतून पावसाचिखलात हजारो स्त्रियांची मिरवणूक निघाली, तिच्या आघाडीला त्या होत्या. छातीचा कर्करोग तोवर जडला होता. त्यांच्यावर उपचार केले डॉ. मे थॉर्न ह्यांनी. एडिंबरोच्या त्या सातजणींतल्या इझाबेल थॉर्न, त्यांची ही मुलगी. पहिल्या पिढीने चिखल झेलला आणि दुसऱ्या पिढीची मुलगी शस्त्रवैद्य झाली. 14 एप्रिल 1908 रोजी फोकस्टन येथे डॉ. पीची-फिप्सन ह्यांचे निधन झाले.

फिप्सनसाहेबांनी लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत पत्नीच्या नावे शिष्यवृत्ती ठेवली. ती 1948 पर्यंत दिली जात होती. ह्या खेपेस ती कोणाही बाईला नाकारली जाण्याची भीती नव्हती. आणि आपल्या महाराष्ट्रात, नाशिकजवळच्या कोरड्या हवेत, दोनशे एकर जागेवर बायकामुलांसाठी त्यांनी आरोग्यधाम उभारले. लहानमोठ्या एकोणीस इमारती होत्या त्यात. पीची-फिप्सन सॅनिटोरियम हे त्याचे नाव 1964 पर्यंत चालू होते.